कवटीबाहेरची साक्ष

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर, ज्या खाजणांत आगरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उधाणाचे पाणी बांधांत अडवून मीठ पिकवीत आली, त्याच खाजणांच्या कडेकडेने आज मीरा-भाईंदर हे शहर पसरले आहे. १९८५ साली त्याला नगरपालिका मिळाली, २००२ साली महानगरपालिका मिळाली, आणि ह्या वाढीच्या ओघात, वाण्याच्या दुकानावर किंवा शिकवणीच्या वर्गावर दिसावी तितक्या सहजतेने, ‘येथे ईईजी काढून मिळेल’ अशी पाटीही मीरा रोडच्या गल्ल्यांतून दिसू लागली. माणसाचे मस्तक न फोडता, त्याला सुई न टोचता, नुसत्या कातडीवर बसवलेल्या धातूच्या टिकल्यांतून मेंदूची विद्युत्‌लहर टिपून घेण्याची ही विद्या आहे. तिचा आपल्या मुलुखातील इतिहास फार जुना नाही. परंतु ह्या अल्पकाळात तिने डॉक्टर, योगी, पोलीस आणि न्यायाधीश अशा चौघांच्याही दारी हजेरी लावली, आणि प्रत्येकाने तिला आपापल्या परीने तिच्या कुवतीबाहेरचे काहीतरी विचारले.

मिठाचा उल्लेख मी केवळ स्थलवर्णनासाठी केलेला नाही. मेंदूतील वीज ही तारेतून वाहणाऱ्या विजेसारखी नसून ती क्षारांच्या विद्युत्‌भारित कणांची पेशींच्या आतबाहेर चाललेली ये-जा असते, आणि त्या कणांत सोडियम, म्हणजे ज्याचे मीठ बनते तेच मूलद्रव्य, प्रमुख असते. कातडीवर टिकली बसवतानाही मध्ये जो चिकट लेप भरावा लागतो तो क्षारयुक्तच असावा लागतो, नाहीतर कोरड्या त्वचेतून ही क्षीण लहर पलीकडे पोहोचतच नाही. भाईंदरकराला आपल्या गावच्या उत्पन्नाविषयी अभिमान बाळगायला हे एक अनपेक्षित निमित्त आहे, इतकेच.

ही विद्या जन्मली ती मात्र दूर युरोपात. १८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन ह्या वैद्याने सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर विद्युत्‌मापक लावून तेथे प्रवाह असल्याचे दाखवले. पण जिवंत माणसाच्या मस्तकावरून तीच गोष्ट नोंदवण्याला जवळजवळ अर्धशतक जावे लागले. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर ह्यांनी १९२४ साली ती नोंद प्रथम मिळवली, आणि आपल्यालाच ती खरी वाटेना म्हणून पाच वर्षे तपासून १९२९ साली प्रसिद्ध केली. बर्गर ह्या वाटेला लागले त्याचे कारण मोठे विलक्षण होते. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडून मरणाच्या दाढेतून वाचले, आणि त्याच दिवशी दूर गावी असलेल्या त्यांच्या बहिणीला भावावर संकट आल्याची चाहूल लागून तिने वडिलांकरवी तार पाठवली. तेव्हापासून मनाची शक्ती अंतर ओलांडून जाते कशी, ह्या एका प्रश्नाने त्यांना पछाडले होते. मनाचा संदेश शोधायला निघालेल्या ह्या गृहस्थाच्या हाती लागली ती सेकंदाला आठ ते तेरा वेळा हेलकावे घेणारी एक लहर, जी डोळे मिटले की उमटते आणि उघडले की विरते! विद्वानांनी प्रथम तिच्याकडे दुर्लक्ष केले. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज ह्यांनी तिची सत्यता पटवली, आणि पुढच्याच वर्षी बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स ह्यांनी, मूल क्षणभर शून्यात पाहत राहते त्या अपस्माराच्या प्रकारात सेकंदाला तीन अशा गतीने येणारी विशिष्ट रेघ दाखवून दिली. आजाराचे नाव कागदावर वाचता येऊ लागले.

ह्या यंत्राला काय कळते आणि काय कळत नाही हे येथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा गोंधळ ह्याच सीमारेषेवर झालेला आहे. वसईच्या किल्ल्याच्या तटाबाहेर रात्री उभ्या राहिलेल्या माणसाला आत गाव झोपले आहे की जागे आहे, बाजार भरला आहे की दंगा उसळला आहे, हे नुसत्या कल्लोळावरून सांगता येईल. पण आत अमक्या ओसरीवर बसलेला अमका इसम तमक्याच्या कानात काय म्हणाला, हे त्याला जन्मात सांगता येणार नाही. कवटी हा तसाच तट आहे. तिच्याबाहेर पोहोचणारी विद्युत्‌लहर व्होल्टच्या एक लक्षांश भागापासून फार तर दहा हजाराव्या भागापर्यंतची असते, आणि ती हजारो लाखो पेशींनी एकाच वेळी केलेल्या उठाठेवीची बेरीज असते. मेंदूचे चुंबकीय क्षेत्रही शिकागोत डेव्हिड कोहेन ह्यांनी १९६८ साली मोजून दाखवले. ते पृथ्वीच्या चुंबकत्वाहून कोट्यवधी पटींनी क्षीण असल्यामुळे त्यासाठी खास आच्छादलेली खोली आणि बहुधा अतिशीत यंत्रणा लागते, आणि म्हणून ती विद्या मोठ्या संशोधनसंस्थांच्या भिंतींआड राहिली. टिकल्यांची विद्या मात्र गल्लीबोळांत उतरली.

ती आपल्याकडे येण्यापूर्वी फेफऱ्याचा इलाज काय होता, हे उत्तर कोकणातील जुन्या घरांना सांगावे लागत नाही. आपल्या वैद्यकाला अपस्मार ठाऊक होता, चरकसंहितेत त्याचे स्वतंत्र निरूपण आहे. पण गावात माणूस हातपाय ताणून पडला, तोंडाला फेस आला, की वैद्याच्या आधी कांदा फोडून नाकाशी धरला जाई किंवा पायताण हुंगवले जाई, आणि आकडी वारंवार येऊ लागली की बाहेरची बाधा ठरवून भगताकडे नारळ जाई. मुलगी असली तर गोष्ट घराच्या चौकटीबाहेर जाऊ द्यायची नाही, असा अलिखित दंडकच असे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबईच्या रुग्णालयांतून हे चित्र पालटू लागले. १९५१ साली मद्रासला न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९५७ साली विलायतेहून परतलेल्या डॉ. नोशीर वाडिया ह्यांनी जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभारला, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एडी भरूचा ह्यांनी तेच कार्य केले, आणि पुढे १९७० साली इंडियन एपिलेप्सी असोसिएशनच्या स्थापनेतही ते अग्रणी होते. भाईंदर-उत्तनच्या रुग्णाला दीर्घकाळ ह्या विद्येसाठी मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीच आली होती, तेव्हा पहाटेची लोकल धरून एल्फिन्स्टन रोडला उतरायचे, परळपर्यंत चालत जायचे आणि केसपेपर काढून रांगेत बसायचे. मीरा रोडला १९९८ साली भक्तिवेदांत रुग्णालय सुरू झाले आणि नंतर इतरही आली, त्यापूर्वीच्या पिढीची हीच वहिवाट.

आलेख काढण्याचा विधी तेव्हाही जवळजवळ आजच्यासारखाच होता. आदल्या दिवशी डोके धुवायचे, तेलाचा थेंब लावायचा नाही. लहान मूल असेल तर रात्री जागवायचे, म्हणजे टेबलावर त्याला झोप लागेल. तंत्रज्ञ फीत घेऊन नाकाच्या मुळापासून मस्तकाच्या मागील उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अंतर मोजतो, त्या अंतराचे दहा व वीस टक्क्यांनी भाग पाडून खुणा करतो (ही वाटणी १९५८ साली मॉन्ट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर ह्यांनी सर्व जगासाठी ठरवून दिली), आणि खुणेखुणेवर केस बाजूला सारून, कातडी जराशी घासून, लेप भरून एकवीस टिकल्या चिकटवतो. मग सूचना सुरू होतात. “मावशी, डोळे मिटा. दात आवळू नका. आता उघडा. आता जोरजोरात श्वास घ्या, थांबू नका.” दात आवळले की जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला बुडवून टाकते, पापणी लवली तरी कागदावर डोंगर उठतो. शेवटी डोळ्यांपुढे दिव्याची उघडझाप. जुन्या यंत्रात ओळीने शाईच्या लेखण्या असत, कागद सेकंदाला तीस मिलिमीटर सरके, म्हणजे वीस मिनिटांच्या आलेखाला छत्तीस मीटर कागद लागे. घडीघडीचा तो गठ्ठा छातीशी धरून रुग्णाचा नातेवाईक एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जाताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना संगणकाच्या पडद्यावरचा आजचा आलेख काहीसा अशरीरी वाटल्यावाचून राहणार नाही.

मीरा रोडला ही खोली थाटणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. उपनगरी मार्गावरील तारा पूर्वी दीड हजार व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या होत्या. २०१२ साली चर्चगेट-विरार मार्गाचे रूपांतर पूर्ण होऊन तेथे पंचवीस हजार व्होल्टचा, सेकंदाला पन्नास आवर्तने घेणारा प्रवाह आला. मेंदूची लहर व्होल्टच्या वीस हजाराव्या भागाइतकी धरली, तर डोक्यावरून जाणारी रेल्वेची तार तिच्या पन्नास कोटी पट बलवान ठरते. घरगुती दिवे-पंखेही पन्नासाच्याच तालावर गुणगुणतात. तेव्हा तो ताल गाळून टाकणारी चाळणी यंत्रात नसेल, तर कागदावर मेंदू न उमटता वीजमंडळच उमटेल.

ह्या आलेखाने आपल्या समाजावर केलेला खरा उपकार मी वैद्यकीय मानीत नाही, तो दिवाणी मानतो. एकतर पहिल्याच आलेखात दोष सापडेल अशी खात्री नसते. अपस्मार असलेल्या पुष्कळ रुग्णांचा पहिला आलेख निर्दोष येतो, आणि जाणता डॉक्टर आलेखाआधी आकडी पाहिलेल्या माणसाची हकीकत विचारतो. परंतु रेघ कागदावर दिसली, म्हणजे बाधा मेंदूत आली आणि मेंदू हा शरीराचा अवयव ठरला. कायद्याला मात्र हे समजायला वेळ लागला. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तीत विवाहाला अपात्र ठरवणाऱ्या कारणांत वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराच्या झटक्यांचाही समावेश झाला, आणि तो शब्द काढून टाकायला १९९९ साल उजाडावे लागले. भाईंदरची लेक गोळ्या घेऊन निकोप संसार करीत असता केवळ त्या एका शब्दाच्या आधारे तिचा विवाह रद्द करून मागता येत होता. मुंबईच्या रुग्णालयांत आलेख निघत असतानाची ही गोष्ट आहे.

आता योग्यांकडे वळू. बडोद्याच्या माणिकराव ह्यांच्या आखाड्यात तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, ह्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली, ती योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर उतरवण्याच्या निश्चयाने. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिकही त्याच वर्षीचे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतून एम. ए. वेंगर आणि बसू बागची हे दोघे शास्त्रज्ञ आपली वाहती प्रयोगशाळा घेऊन भारतभर हिंडले, आणि लोणावळ्याच्या साधकांच्या मस्तकांवरही त्यांच्या टिकल्या चढल्या. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांची त्यांनी तपासणी केली. मनगटावर बोट ठेवणाऱ्याला नाडी खरोखर लागेनाशी झाली; परंतु हृदयाचा आलेख आपला अव्याहत चालू होता. श्वास कोंडून छातीचे स्नायू ताणल्याने नाडी क्षीण होत होती, हृदय थांबत नव्हते. उलट एका योग्याने हिमालयातील थंडीत राहताना कमावलेल्या अभ्यासाच्या बळावर नुसत्या कल्पनेने कपाळावर घाम आणून दाखवला, आणि तो खरा निघाला. असली निःपक्ष नोंद मला तत्त्वज्ञानाच्या दहा ग्रंथांहून आदरणीय वाटते.

मेंदूच्या बाबतीत मात्र कागदांचे एकमत झाले नाही. वेंगर-बागचींना ध्यानस्थ योगी आणि डोळे मिटून स्वस्थ बसलेला माणूस ह्यांच्या लहरींत फारसा फरक दिसला नाही. फ्रान्सचे आंरी गास्तो व कलकत्त्याचे दास ह्यांना समाधीत लहरी शीघ्र व उंच झालेल्या आढळल्या होत्या. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना व बलदेव सिंग ह्यांनी १९६१ साली नेमके निराळेच नोंदवले: बर्गर ह्यांची तीच संथ लहर अखंड चालू राहते, आणि प्रकाश, आवाज, तापलेल्या नळीचा स्पर्श अशा उपद्रवांनीही ती समाधीत मोडत नाही. बर्फासारख्या थंड पाण्यात पाऊण तास हात बुडवून बसलेल्या योग्याचीही ती मोडली नाही. समाधी एकच, रेघा तीन तऱ्हेच्या! भाविकांनी त्यांतली सोयीची रेघ उचलली आणि ‘विज्ञानाने समाधी सिद्ध केली’ असे जाहीर केले. टवाळांनी दुसरी उचलून ती झोप ठरवली. लोणावळ्याने मात्र आपले मोजमाप पुढे चालू ठेवले. करंबेळकर, विनेकर व भोळे ह्यांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून केलेला अभ्यास १९६८ सालचा आहे, आणि त्यात चमत्काराचा लवलेश नाही, प्राणवायू आणि कर्बवायू ह्यांचे हिशेब आहेत.

भाईंदरहून चर्चगेटकडे जाताना सांताक्रूझ लागते, आणि त्याच्या पूर्वेला कलिना येथे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात टिकल्यांची विद्या तेथे पोलिसांच्या चाकरीला आली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील मानसशास्त्रज्ञ चंपाडी रामन मुकुंदन ह्यांनी बसवलेली ही चाचणी अशी: संशयिताला शांत खोलीत डोळे मिटून बसवायचे, डोक्यावर तीसेक टिकल्या लावायच्या, आणि गुन्ह्याचा एकेक टप्पा सांगणारी छोटी वाक्ये, ‘मी अमुक ठिकाणी गेलो’, ‘मी अमुक वस्तू घेतली’ अशा प्रथमपुरुषी धाटणीची, त्याला ऐकवायची. त्याने उत्तर द्यायचे नाही. ते वाक्य केवळ माहीत असणे आणि ते कृत्य स्वतः केलेले असणे ह्यांतला भेद लहरींवरून संगणक सांगतो, असा दावा. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात दोघांना जन्मठेप देताना ह्या चाचणीचा निष्कर्ष इतर पुराव्यांबरोबर स्वीकारला, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी डोळे विस्फारले. त्याच वर्षी निम्हान्सचेच संचालक डॉ. डी. नागराजा ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ह्या पद्धतीला शास्त्रीय आधार पुरेसा नसल्याचा निर्वाळा दिला. पुण्याच्या खटल्यातील शिक्षेलाही उच्च न्यायालयाने पुढे स्थगिती देऊन जामीन मंजूर केला.

मला ह्या चाचणीत नवेपणापेक्षा जुनेपणच अधिक दिसते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आल्या, आणि १७७४ अखेर इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत ह्या खाडीकाठावर मराठी अंमल होता. त्या अंमलाच्या न्यायपद्धतीत वादी-प्रतिवादींच्या तकरिरा, साक्षी, महजर आणि दस्तऐवज ह्यांनी निकाल लागेना, तेव्हा दिव्याचा, म्हणजे देहाला कसोटीला लावून देवाचा कौल घेण्याचा, अवलंब होई; डॉ. वि. त्र्यं. गुणे ह्यांनी १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या व्यवस्थेचा साधार तपशील आहे. रवादिव्यात तेलातुपाची कढई तापवून तीत धातूचा रवा टाकीत. दिव्य करणाराच्या हाताची नखे काढून, हात धुऊन, त्यावरील जुने वण लिहून घेत. त्याचे म्हणणे लिहिलेले भाळपत्र कपाळी बांधीत. त्याने रवा काढला की हाताला पिशवी घालून तीवर मोहोर करीत, आणि तिसऱ्या दिवशी ती उघडून फोड उठला आहे की नाही ह्यावरून खरा-खोटा ठरवीत. कपाळी लिहिलेले वाक्य, मुका देह, आणि देहावर उमटलेल्या खुणेचे वाचन करणारे पंच! कलिन्यात कढई नाही आणि कोणाला भाजत नाही, हा फरक लहान नव्हे, तो मी मनःपूर्वक मान्य करतो. पण माणसाच्या जबानीपेक्षा त्याचा देह अधिक सत्यवचनी असतो ही श्रद्धा तीच. दिव्याच्या पंचांपाशी निदान एक प्रांजळपणा होता: ते देवाला विचारीत होते आणि तसे उघड म्हणत होते.

सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ ह्या प्रकरणात ५ मे २०१० रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश बालकृष्णन, न्यायमूर्ती रवींद्रन व न्यायमूर्ती पांचाळ ह्यांनी अर्धबेशुद्धीत घेतलेली जबानी, असत्यशोधक यंत्र आणि मेंदूची विद्युत्‌चाचणी ह्या तिन्ही गोष्टी संमतीवाचून कोणावरही लादता येणार नाहीत असे ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसावी हे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील अभिवचन ओठ मिटलेल्या माणसालाही लागू आहे, असा त्याचा आशय. संमती असली तर ती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी, वकिलाची भेट द्यावी, आणि निष्कर्षाला कबुलीजबाबाचे मोल देऊ नये. मात्र संमतीने झालेल्या चाचणीतून सुगावा लागून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर ती पुराव्यात दाखल करता येईल, ही वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. पूर्वी ती पुरावा कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात होती, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात आहे.

इतके होऊनही प्रश्न मिटलेला नाही, कारण तो आता उलट बाजूने येतो आहे. आपल्यावर आळ आला म्हणून ‘माझी चाचणी घ्या’ असे आरोपीच म्हणू लागतात. जुन्या कागदांतही आपण होऊन दिव्य मागणारे वादी आढळतात. २०२५ साली बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला अर्धबेशुद्धीच्या चाचणीविषयी हेही सांगावे लागले की आरोपीने ती स्वखुशीने मागितली तरी ती मिळण्याचा त्याला अबाधित हक्क नाही. योग्य टप्प्यावर त्याने अर्ज करावा, आणि त्याची संमती खरोखर स्वतंत्र आहे की कसे हे न्यायालयाने तपासून मग हुकूम करावा.